शाळेचा बँड: आधी ट्यूब, मग ड्रम

जिल्हा परिषदेच्या शाळेत बँडसाठी लोकवर्गणी जमली की पहिली चूक दुकानातच होते. दुकानदार 'पूर्ण सेट' दाखवतो, सगळे पैसे त्यात जातात आणि पहिलं पान (ड्रमवर ताणलेला, काडी पडते तो पडदा) फाटलं की ड्रम कपाटावर चढतो. निम्मीच वाद्यं घ्या. सुटी पानं, साईड ड्रमच्या खालच्या पानाला लागून असलेल्या तारा, काड्या आणि पट्टे यांसाठी एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवा. बारा मुलांना चार साईड ड्रम, एक बास ड्रम, झांजांची एक जोडी आणि सहा प्लास्टिकचे रेकॉर्डर (उभी धरून फुंकायची बासरी) पुरतात.

ड्रम येण्याआधी महिना-दीड महिना पॅडवर सराव घ्या. 12 मिलिमीटर प्लायवूडचा फूटभर चौकोन कापा, त्यावर ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवा. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं आणि बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. ओलं असताना दाबलं तर आत हवा राहते, तेवढ्या जागी काडी मेल्यासारखी पडते. काडी अंगठा आणि पहिल्या बोटात धरायची, बाकीची बोटं सैल. मूल मूठ आवळतं, काडी उसळत नाही, मनगट दुखतं, आणि दोन उजवे-दोन डावे टोले वेगात येतच नाहीत. रोल, म्हणजे ड्रमचा सलग गडगडाट, तिथेच अडतो.

रोल लागतोच, कारण बँडवर राष्ट्रगीत वाजवायचं तर आधी ड्रमचा रोल हवा. गृह मंत्रालयाच्या सूचनांनुसार तो धीम्या संचलनाच्या सात पावलांइतका असतो: हळू सुरू, चढत मोठा, मग उतरता, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येणारा. मग एक ठोका शांतता आणि त्यानंतर राष्ट्रगीत, सुमारे 52 सेकंदांत.

रेकॉर्डरची खरी गोम इथे आहे. सगळी भोकं बंद करून येणारा सर्वांत खालचा स्वर 'सा' धरला, तर 'भाग्यविधाता'मधला मंद्र निषाद (खालच्या सप्तकातला 'नी') वाद्यात मिळतच नाही. म्हणून 'सा' पांढरी पाचवर (हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा स्वर) न्या. आता 'जय हे'ला वरचा 'सा' लागतो. तिथे डाव्या अंगठ्याचं भोक अर्धं उघडावं लागतं आणि मुलं नेमकी तिथेच जोरात फुंकतात. रेकॉर्डर किंचाळतो तो या फुंकीने. चौथीच्या आतल्या मुलांची उजवी करंगळी शेवटच्या भोकाला पुरत नाही, त्यांना झांजा द्या. बिगुलाला झडपा नसतात, त्यात मोजकेच स्वर, राष्ट्रगीत बसत नाही. परवडला तरी सलामीपुरताच ठेवा.

पाटण, महाबळेश्वरकडच्या पावसात चामड्याचं पान ढिलं पडतं, तिथे प्लास्टिकचंच घ्या. पान बसवताना चावी समोरासमोरच्या बोल्टवर, एका वेळी अर्धा फेराच फिरवा. एका बाजूने ओळीने आवळत गेलात तर पान तिरकं ताणतं आणि काठावर फाटतं. खालचं पान पातळ असतं, त्यावर काडी पडू देऊ नका. मिरजेची सतार-तंबोऱ्याची ख्याती कितीही मोठी असली तरी साईड ड्रम तिथे न्यायची गरज नाही, चावी आणि सुटं पान असेल तर हे काम शिक्षकच करतो.

संचलनात बास ड्रमचा ठोका डाव्या पावलावर. वेग वाढला की आधी बासवाल्याकडे बघा, तोच पळत असतो. फोनवर मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टकटक करणारं ॲप) लावा, सुरुवात मिनिटाला 100 ठोक्यांनी करा, 120 नंतर.

जत, आटपाडीकडे आणखी एक अडचण. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलं गळीत हंगामात शाळेत नसतात आणि 26 जानेवारी नेमका त्यातच येतो. प्रत्येक वाद्याला दोन वादक, बासला तीन, हे जूनमध्येच ठरवा. हंगामाहून परतलेल्या मुलाचं वाद्य दुसऱ्याकडे गेलेलं असेल तर ते मूल पुन्हा सरावाला येत नाही, म्हणून 1 मेच्या झेंड्याला त्यालाच वाजवू द्या.

एवढेही पैसे नसतील तर हलगी आणि लेझीम. आपल्या भागात याला तोड नाही, आणि शिकवणारा गावातच असतो. त्याला मानधन द्या, नुसता नारळ-टॉवेल नको. आणि हलगी कुणाच्या घरची म्हणून त्या पोराच्या गळ्यात अडकवू नका. सगळ्यांना आळीपाळीने टिपरू (हलगीची काडी) धरू द्या, ज्याचा हात बसेल तो वाजवेल.