तुम्ही विचारलंत म्हणून: इजिप्तच्या राजाराण्यांच्या कादंबऱ्यांत एवढं काय आहे?

“आपल्याकडे काय राजेराण्या कमी पडल्या?” इजिप्तच्या राजघराण्यावरची कादंबरी हातात दिसली की हा प्रश्न येतोच. त्याला जोडून दुसरा: “एवढी आवड आहे तर सरळ इतिहास वाचा, कादंबरी कशाला?” मला या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एका पत्रात सापडतं.

इसवी सनापूर्वीचं चौदावं शतक. हिटाइटांचा राजा सुप्पिलुलिउमा कार्केमिश शहराला वेढा घालून बसला होता. हिटाइटांची राजधानी हातुशा, आजच्या तुर्कस्तानात. त्यांचं आणि इजिप्तचं तेव्हा वैर. अशा वेळी छावणीत इजिप्तच्या राणीचा दूत आला. पत्राचा मथितार्थ असा: माझे पती वारले. मला मुलगा नाही. तुम्हाला पुष्कळ मुलगे आहेत म्हणतात. त्यातला एक मला द्या, तो माझा नवरा होईल. माझ्या सेवकांपैकी कुणाशी मी लग्न करणार नाही. मला भीती वाटते.

राजाने दरबाऱ्यांना बोलावून सांगितलं की असलं काही आपल्या उभ्या आयुष्यात घडलेलं नाही. त्याला डाव वाटला. खरंखोटं करायला त्याने हातुशाझिती नावाचा आपला माणूस इजिप्तला धाडला. हिवाळा गेला, तो माणूस परतला आणि सोबत राणीचं दुसरं पत्र आलं. हे चिडलेलं होतं. मला मुलगा असता तर माझी आणि माझ्या देशाची ही लाज मी परक्या मुलखात लिहून कळवली असती का, असं तिने विचारलं होतं. अखेर राजाने झनान्झा या मुलाला पाठवलं. तो जिवंत राहिला नाही. हिटाइटांनी खुनाचा आळ इजिप्तवर घेतला, स्वारी केली, कैदी आणले. आणि त्या कैद्यांबरोबर आलेल्या रोगाच्या साथीत वीस वर्षं आपली माणसं मरताहेत, असं सुप्पिलुलिउमाचा मुलगा मुर्सिली देवांपुढे रडून सांगतो.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते या मुर्सिलीने बापाची कारकीर्द मातीच्या विटांवर कोरून ठेवली म्हणून. इजिप्तच्या बाजूने एक अक्षर नाही. राणीचं नावसुद्धा दिलेलं नाही, फक्त पद दिलंय. मेलेल्या राजाचं नाव ज्या पद्धतीने लिहिलंय त्यावरून बहुतेक अभ्यासक त्याला तुतनखामुन मानतात. तसं असेल तर पत्र लिहिणारी त्याची बायको अंखेसेनामुन, राजा अखेनातेन आणि राणी नेफरतीती यांची तिसरी मुलगी.

इतिहासकाराला इथे थांबावं लागतं, आणि त्याने थांबायलाच हवं. कादंबरीकाराचं काम इथून पुढे सुरू होतं. चांगला लेखक आधी हे विचारतो की ते पत्र लिहिलं कुणी? त्या काळी परराज्यांशी पत्रव्यवहार अक्कडी भाषेत, कीलाक्षरांत, मातीच्या विटेवर चालायचा. इजिप्तमधल्या अमार्नाला 1887 पासून अशा साडेतीनशेहून जास्त विटा सापडल्या. राणी स्वतः ही लिपी लिहीत असेल, असं वाटत नाही. म्हणजे लेखनिक हवा. मग निदान एका माणसाला तरी हे ठाऊक होतं की राणी शत्रूकडे नवरा मागतेय. तो माणूस कुणाचा होता? त्याला बायकामुलं होती का? त्याला किती दिवस गप्प बसवता आलं? एका तांत्रिक तपशिलातून राजवाड्याच्या भिंती उभ्या राहायला लागतात. मला यात जो आनंद होतो तो शिलालेखांच्या नुसत्या भाषांतरातून होत नाही.

आणि “मला मुलगा नाही” हे वाक्य. तुतनखामुनच्या थडग्यात उत्खनन करणाऱ्या हॉवर्ड कार्टरला 1922 नंतरच्या कामात दोन अगदी छोट्या शवपेट्या मिळाल्या. आत दोन अर्भकं होती, पुऱ्या दिवसांआधीच गेलेली. त्याच थडग्यात ते सोन्याचं सिंहासन होतं, ज्याच्या पाठीवर राणी उभी राहून बसलेल्या राजाच्या खांद्याला सुगंधी लेप लावतेय. राजाच्या शवपेटीच्या कपाळावरच्या गिधाड-नागाभोवती फुलांचा एक इवलासा हार होता. कार्टरला वाटलं की तो विधवा राणीनेच वाहिला असेल. भिंतीवर मात्र वेगळंच चित्र आहे: राजाच्या ममीचा अखेरचा विधी करतोय म्हातारा दरबारी आय, अंगावर बिबट्याचं कातडं आणि डोक्यावर राजाचा मुकुट. तोच पुढे गादीवर बसला. त्याचं आणि अंखेसेनामुनचं नाव एकत्र कोरलेली एक अंगठी सापडलीय. नंतर ही राणी कागदोपत्री कुठेच दिसत नाही, आणि आयच्या थडग्यात राणी म्हणून चित्र आहे ते त्याच्या जुन्या बायकोचं, तेयचं. पत्रातला “सेवक” कोण, हे मी तुम्हाला सांगायची गरज उरली का?

आता “आपल्याकडे काय कमी” याबद्दल. अजिबात कमी नाही. पेशवाईवरच्या कादंबऱ्यांवर मी वाढले, आजही वाचते. पण तिथे पुस्तक उघडायच्या आधीच मी कुणाच्या तरी बाजूची असते. आनंदीबाई म्हटलं की मत तयार. इजिप्तच्या राजांच्या थीब्ज नगरीतल्या दरबारात माझी बाजूच नसते. कोण चांगलं, कोण वाईट, हे लेखकाला पानोपानी मिळवावं लागतं आणि मला पानोपानी ठरवावं लागतं. राजा भित्रा निघाला, क्रूर निघाला, आईच्या मुठीतला निघाला, तरी माझ्या मनात कसली ढाल पुढे येत नाही. वाचक म्हणून ही मोकळीक मला फार मोलाची वाटते. (आणि ते जग वाटतं तितकं दूरचंही नाही. याच सुप्पिलुलिउमाने शेजारच्या मितानी राज्याच्या राजपुत्राशी केलेल्या तहात साक्षीला बोलावलेल्या देवांमध्ये मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत.)

हॅतशेपसुत या इजिप्तच्या आणखी जुन्या राणीमुळे मला आणखी एक गोष्ट कळली: पुरावा बदलला की कादंबरीलाही बदलावं लागतं. सावत्र मुलगा तिसरा थटमोस लहान म्हणून ती कारभार बघायला लागली आणि काही वर्षांत स्वतःच फॅरो, म्हणजे राजा, झाली. मेल्यावर तिची नावं छिन्नीने खरवडली गेली, पुतळे फोडून खड्ड्यांत टाकले गेले. त्यावरून बरेच दिवस एकच कथा चालली: गादी बळकावणारी सावत्र आई आणि सूडाने पेटलेला मुलगा. कथा सोपी आणि नाट्यमयही. पण ही खाडाखोड तिच्या मृत्यूनंतर लगेच झालेली नाही, जवळजवळ वीस वर्षांनी, थटमोसच्या उतारवयात झालीय, हे लक्षात आल्यावर त्या सूडाचा दम गेला. वीस वर्षं थांबणारा राग कसला? मग कारण वेगळं असणार. कदाचित पुढच्या वारसाची गादी निर्वेध करायची असेल. आजच्या लेखकाला तो थकलेला, हिशेबी राजा रंगवावा लागतो. तो जास्त अवघड आहे आणि मला जास्त खरा वाटतो.

कर्नाकच्या देवळात तिचा ग्रॅनाइटचा स्तंभ अजून उभा आहे, सुमारे तीस मीटर उंच, एकसंध दगडाचा. खाणीतून काढायला सात महिने लागले, असं त्यावरच लिहिलंय. आणि त्याच लेखात तिने म्हटलंय की पुढच्या काळात ही स्मारकं बघणारे लोक काय म्हणतील, या विचाराने माझं मन इकडून तिकडे फिरत राहतं. राजांच्या लेखांत विजय असतात, देव असतात, कैद्यांची गणती असते. मनातली अशी अस्वस्थता क्वचितच सापडते. मी तिच्यावरच्या कादंबऱ्या वाचते त्या या एका ओळीपायी. तिच्याशी इमान राखणारं पुस्तक चांगलं. हॅतशेपसुतला सेनेनमुत या कारभाऱ्याच्या प्रेमात पाडून चारशे पानं भरणारी पुस्तकं मी अर्ध्यात मिटते. दोघांमध्ये काही असेलही, पण वीस वर्षं देश चालवणाऱ्या बाईला दुसरा उद्योग नव्हता का?

ममीचे शाप, चाबकाखाली पिरॅमिड बांधणारे गुलाम, हेही मला नको. खरा तपशील किती जिवंत आहे बघा: राजांची थडगी कोरणाऱ्या देर अल-मदिनाच्या कारागिरांचं हजेरीपत्रक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गैरहजेरीची कारणं लिहिलीत: विंचू चावला, डोळे आलेत, बिअर गाळतोय, आईच्या प्रेताला कापड गुंडाळतोय. तिसऱ्या रामसेसच्या काळात धान्याचा पगार थकला तेव्हा यांनी काम बंद करून देवळापाशी ठिय्याही दिला. ज्या कादंबरीत राजवाड्याला अशी माणसं भेटतात, तिथला राजाही माणूस होतो.

सुरुवात कुठून करू, असंही विचारता. आधी राणीची ती दोन पत्रं वाचा. भाषांतर सहज मिळतं आणि दोन्ही मिळून पानभरात संपतात. मग अंखेसेनामुनवरची जी कादंबरी हाती येईल ती घ्या आणि राणी लेखनिकाला बोलावते तो प्रसंग काढा. त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं आणि दाराबाहेर कोण उभं होतं, हे लेखकाने ठरवलेलं दिसलं, तर पुस्तक घरी न्या.