पेंटेकॉस्टच्या रविवारी थांबलेली उपासना

मिझोराममध्ये घरातली बाई भात लावताना एक मूठ तांदूळ बाजूला काढून ठेवते. चर्चसाठी. दर जेवणाला, घरोघर. ते तांदूळ गोळा होतात, विकले जातात आणि त्या पैशातून मिशनरी पाठवले जातात. या पद्धतीला ते बुहफाई थाम म्हणतात. शंभर वर्षांहून जास्त काळ ती चालत आली आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कामाला आलेलं मिझो जोडपं अशा मुठीमुठीने जमलेल्या तांदळावर मुंबईत राहत होतं, आणि त्यांच्यासह आमच्या चार सेवकांच्या गटाची जबाबदारी पाळक म्हणून माझ्याकडे होती.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे अजून गोरा साहेब डोळ्यांपुढे येतो. आमच्याकडे आलेला तरुण लुंगलेईजवळच्या खेड्यातला. मिझोराममध्ये लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन इंग्रज मिशनरी १८९४ साली पोहोचले, पहिले बाप्तिस्मे १८९९ साली झाले, आणि २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या शंभरातल्या सत्त्याऐंशी माणसांनी आपला धर्म ख्रिस्ती लिहिला. लहानपणापासून ज्याने चर्चची घंटा ऐकून दिवस मोजला, त्याला परळ-लालबाग म्हणजे परदेशच. जेवण वेगळं, भाषा वेगळी. त्यात लोक चेहरा बघून ‘नेपाळी का?’ म्हणून विचारायचे. तरी त्याने नेटाने मराठी शिकून घेतली. त्याची बायको टाटा हॉस्पिटलमध्ये मिझो रुग्णांबरोबर थांबायची. कॅन्सरच्या उपचारासाठी मिझोराममधून मुंबईला येणारे फार. त्यांना केसपेपर काढून देणं, डॉक्टरांचं म्हणणं समजावून सांगणं, रात्री बाकड्यावर सोबत बसणं, हे तिचं काम.

तिथल्याच रांगेत तिला मावशी भेटल्या. मावशींच्या नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर होता. बाई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायच्या, पहाटेची पाळी उरकून नवऱ्याला घेऊन यायच्या. या मिझो मुलीला मराठीची चार वाक्यं येत होती आणि मावशींना हिंदीही धड येत नव्हती. तरी नवरा जाईपर्यंत आणि गेल्यावरही ती त्यांच्या खोलीवर जात राहिली. दहाव्याला गेली, बाराव्यालाही गेली. पुढे मावशी स्वतःहून रविवारी उपासनेला येऊ लागल्या. शेवटच्या बाकावर बसायच्या, पदर डोक्यावर घेऊन. वर्ष उलटून गेल्यावर म्हणाल्या, “पाळकसाहेब, मला बाप्तिस्मा घ्यायचाय.”

ही गोष्ट कोविडच्या आधीची.

आमच्या मंडळीत बाप्तिस्म्याआधी वर्ग असतो. वर्ग संपला की मी प्रत्येकाला एकट्याला भेटतो. गटातल्या सेवकांना त्या खोलीत येऊ देत नाही, कारण ज्याने विश्वासात आणलं त्याच्यासमोर माणूस मोकळं बोलत नाही. तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं? घरात कुणाकुणाला माहीत आहे? यातून तुम्हाला काय मिळेल असं वाटतं? एवढंच विचारतो. नोकरी, शाळेतला प्रवेश, दवाखान्याचं बिल, यातलं काही कुणी कबूल केल्याचा नुसता वास आला तरी नाव पुढे ढकलतो.

मावशींची उत्तरं स्वच्छ होती. मिळायचं काय, तर “माणूस गेला तेव्हा जो माझ्याजवळ होता, त्याचं नाव घ्यायचंय,” म्हणाल्या. घरी मुलगा, बावीस वर्षांचा, भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करणारा. त्याला अजून सांगितलं नव्हतं.

मावशी मातंग समाजातल्या, म्हणजे अनुसूचित जातीतल्या. म्हणून मला पुढचं बोलणं भाग होतं. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश सांगतो की या यादीतला माणूस अमुक धर्माचाच असला पाहिजे. आधी हिंदू. १९५६ साली शीख जोडले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती नाहीत. म्हणजे बाप्तिस्मा घेतला की जातीच्या दाखल्यावरचा हक्क गेला. देवळाबाहेर उभं राहायला लावलेल्या बाईचा तो डाग चर्चमध्ये आल्यावर वस्तीतल्या लोकांच्या लेखी पुसला जात नाही, कायद्याच्या लेखी मात्र पुसला जातो. मला हा अन्याय वाटतो आणि मी तो व्यासपीठावरूनही बोलून दाखवतो. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली, ती तशीच पडून आहे. पण कायदा बदलेपर्यंत कायदा सांगणं हे पाळकाचं काम आहे. ‘कुणाला कळतंय, राहू द्या दाखला’ असा सल्ला मी कधी दिला नाही, देणार नाही. पाण्यात उभं राहून खरं बोलायचं आणि तहसील कचेरीत दुसरं, यावर कुणाचाही विश्वास उभा राहत नाही.

मावशींनी ऐकून घेतलं. “मला काय करायचाय दाखला? पोळ्या लाटायला लागतो का?” मग थोड्या वेळाने, “पण पोराचं?”

“पोराशी बोला,” मी म्हटलं. “त्याला घेऊन या. त्याशिवाय मी पुढे जाणार नाही.”

शनिवारी संध्याकाळी गटाची बैठक होती. दुसऱ्या दिवशी पेंटेकॉस्ट, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाचा सण, तीन जणांचे बाप्तिस्मे ठरलेले, आणि मावशींचा मुलगा अजून भेटायला आलेला नव्हता. मी म्हटलं, मावशींचं नाव उद्याच्या यादीतून काढू. मिझो तरुणाचा चेहरा पडला. त्याने गावी कळवून टाकलं होतं. त्याच्या गावातल्या बाया मावशींचं नाव घेऊन रोज प्रार्थना करत होत्या, आणि त्याच बायांच्या मुठीतल्या तांदळावर तो इथे होता.

“पास्टर, कायदा असा कसा?” त्याने विचारलं. “मी ख्रिस्ती आहे. माझ्याकडे एसटीचा दाखला आहे. माझ्या वडिलांकडे आहे. मावशीचा का जाईल?”

जमातींच्या यादीला धर्माची अट नाही, जातींच्या यादीला आहे, हे मी सांगितलं. त्याच्या प्रश्नाला कायद्याचं उत्तर माझ्याकडे होतं, न्यायाचं नव्हतं. तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, “पण पेत्राने पेंटेकॉस्टच्या दिवशी तीन हजार लोकांना थांबवलं नाही.” येशूचा शिष्य पेत्र याचं बोलणं ऐकून त्या एका दिवशी तेवढ्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला, असं बायबलात आहे.

त्याला मी याच शहरातल्या जुन्या गोष्टी सांगितल्या. १८१३ साली अमेरिकेतून हॉल आणि नॉट मुंबईत उतरले. त्यांच्या मिशनने पहिल्या कित्येक वर्षांत भाषा शिकली, शाळा काढल्या, नव्या कराराचं मराठी भाषांतर छापलं. बाप्तिस्मे मात्र बोटांवर मोजण्याइतके. त्यांना कुणी नापास ठरवत नाही. पुढे १८३९ साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला तर प्रकरण कोर्टात गेलं आणि शाळा मुलांवाचून ओस पडली. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बारा-तेरा, मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील कोर्टात गेले, कोर्टाने मुलगा त्यांच्या हवाली केला, पण मिशनऱ्यांकडे जेवला म्हणून जात त्याला परत घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी कंबर कसली आणि स्वतःवर सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मोठी माणसं तत्त्वावर भांडत होती आणि मधल्या मध्ये एका पोराला ना हे घर ना ते घर. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईतच बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर कित्येक वर्षं पत्नी लक्ष्मीबाई आणि ते वेगळे राहिले. बाप्तिस्मा एकट्याचा असतो, पण भोगायला घर असतं. घराला आधी सांगायचं. घर नाही म्हणालं तरी सज्ञान माणसाचा निर्णय त्याचाच, पण घराला अंधारात ठेवायचं नाही.

तो माझ्याशी सहमत झाला असं नाही. उठताना म्हणाला, “मी रात्रभर प्रार्थना करतो, मुलगा येऊ दे म्हणून.”

आमचा बाप्तिस्म्याचा हौद चर्चच्या मागच्या अंगणात आहे. नळाला पाणी पहाटे येतं, त्यामुळे भरण्याचं काम उजाडायच्या आत. काही कुटुंबं डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा घेतात, काही बुडवून. आमच्याकडे दोन्ही चालतं. त्या रविवारच्या तिघांनाही बुडवूनच हवा होता. महिला मंडळाच्या बायांनी सुती पांढऱ्या साड्या आणल्या होत्या. बाईला पाण्यात उतरवायचं तर साडी तरंगून वर येते, म्हणून निऱ्यांना आत-बाहेर पिना लावतात, परकराची कड घोट्याजवळ नाडीने बांधतात, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन पाठीला टाचतात. वरून मोठा टॉवेल. हे सगळं करताना त्या गात असतात. मावशी नाव कापलेलं असूनही पहाटेच येऊन बसल्या होत्या आणि दुसऱ्या बाईच्या निऱ्यांना पिना लावत होत्या.

आठाला घंटा झाली. मी झगा चढवत होतो तेवढ्यात मिझो तरुण धावत आला. “आला! मुलगा आला!”

मुलगा फाटकाशी उभा होता. हातात प्लास्टिकची फाइल, डोळे तांबारलेले. ‘सलाम’ केला तर उत्तर दिलं नाही. “आईला तुम्ही लोकांनी काय केलंय?” एवढंच म्हणाला. मी त्याला आत नेलं. पुढे उपासना सुरू होणार होती. मी वडीलजनांना, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, सांगितलं, मंडळीला गीतं गाऊ द्या, मी येईपर्यंत थांबा. मंडळीत एक वकीलबाई आहेत, त्यांनाही बोलावून घेतलं. मिझो तरुण चहा घेऊन आला आणि दाराशी उभा राहिला.

मुलाने फाइल उघडली. शाळा सोडल्याचे दाखले, वडिलांचा, आजोबांचा. गावच्या नोंदींचे उतारे, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो म्हणून खेटे घालून मिळवलेले. “हे गोळा करायला बापाने दोन वर्षं घातली. आजारी असताना तालुक्याला गेला होता. पडताळणीला घरी विचारायला आले आणि आई चर्चला जाते म्हटल्यावर माझं काय?”

वकीलबाईंनी कागद एकेक करून पाहिले. त्यांनी गोड करून सांगितलं नाही. “तू सज्ञान आहेस. तुझा दाखला तुझ्या जातीवर आणि तुझ्या धर्मावर. आईने धर्म बदलला म्हणून तुझा बदलत नाही. पण विचारतील. एखादा अधिकारी त्रासही देईल. विचारलं तर खरं सांगायचं, आई ख्रिस्ती, मी हिंदू. अडवलंच तर मी उभी राहीन.”

“आणि उद्या तुम्ही मलाही ओढाल.”

“तू मागितल्याशिवाय या दारातून तुला कुणी बोलावणार नाही,” मी म्हटलं. “आणि तू नको म्हणत असशील तर आज तुझ्या आईचा बाप्तिस्मा होणार नाही. आज नाही. पण पुढे त्या काय ठरवतील ते त्या ठरवतील.”

बाहेर गाणी चालू होती, पेटी, तबला, टाळ्या. मुलगा कागद परत फाइलमध्ये लावत बसला, क्रमाने. मग म्हणाला, आईला बोलवा.

मावशी आल्या. त्यांच्या पदराला महिला मंडळाच्या पिना तशाच अडकवलेल्या. मुलगा त्यांच्याशी गावच्या बोलीत बोलला, मान खाली घालून. “बाप गेला तवा ही हिमालयातली बाई आली, आपलं कुणी आलं नाय. मला ठावं हाय. तू घे. मी नाय घेणार. सणाला पुरणपोळी केली पायजे मात्र.”

“करंन की,” मावशी म्हणाल्या. “येशूनं पुरणपोळीला नाय म्हणलं व्हय?”

दारातला मिझो तरुण रडत होता. बोली त्याला सगळी कळली नसणार, जेवढी कळली तेवढी पुरली.

मग बाप्तिस्मे झाले, तिन्ही. मावशी शेवटच्या. पाणी छातीपर्यंत, मे महिन्यातही पहाटेचं पाणी गार लागतं. डावा हात त्यांच्या मानेखाली, उजवा त्यांच्या जुळलेल्या हातांवर. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. वर आल्या तेव्हा त्यांच्या तोंडून मोठ्याने निघालं, “देवा!” आणि सगळं अंगण टाळ्यांनी भरून गेलं. आमच्या गंभीर वडीलजनांनीही टाळ्या वाजवल्या. पाळक म्हणून मी जे काही करतो, त्यात इतका निर्भेळ आनंद मला दुसऱ्या कशात मिळत नाही.

उपासनेनंतर नोंदवही भरताना मुलगा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. काय लिहिता ते बघायचंय म्हणाला. मी वही त्याच्याकडे वळवली. तारीख, नाव, वय, पतीचं नाव, व्यवसाय, साक्षीदारांच्या सह्या. नाव तेच, जे बारशाला ठेवलं होतं. आमच्याकडे ते बदलायची सक्ती नाही. एका ओळीत एक माणूस. ‘कुटुंब’ असा रकाना नाही. त्याने ओळ दोनदा वाचली, मोबाइलवर फोटो काढला. साक्षीदाराची एक जागा रिकामी होती. तिथे मिझो तरुणाच्या बायकोने सही केली.

जाता जाता मुलाने विचारलं, “तुमचा हॉल रात्री रिकामा असतो का? आमच्या खोलीत टीव्ही चालू असतो. अभ्यास होत नाही.”

समितीच्या बैठकीत मी विषय मांडला. वाद बराच झाला. विजेचं बिल, रखवालदाराचा ओव्हरटाइम, बाहेरची मुलं, कुणी उद्या काही आरोप केला तर. मिझो तरुणाला समितीत मत नव्हतं, पण त्याने परवानगी मागून सांगितलं की रात्री हॉलमध्ये तो स्वतः थांबेल, आणि तिथे तो धर्माबद्दल एक शब्दही बोलणार नाही. ठराव परीक्षा होईपर्यंतच्या मुदतीने मंजूर झाला. पहिल्या आठवड्यात मावशींचा मुलगा एकटा आला. नंतर चाळीतले आणखी तिघे आले, मग त्यांचे मित्र. तिकडे रात्री अकरापर्यंत अंकगणित आणि चालू घडामोडी चालायच्या, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर मिझो तरुण त्याच मुलांकडून मराठी व्याकरण शिकायचा. मुदत संपली तेव्हा समितीने ती न बोलता वाढवली.