दहा मतं, शंभर गाणी आणि ऑस्ट्रेलियातला जानेवारी

मेलबर्नमध्ये डिसेंबर उजाडला की ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक प्रश्न फिरायला लागतो: "तुझी दहा ठरली का?" दहा म्हणजे दहा गाणी. ट्रिपल जे हे इथलं सरकारी पैशावर चालणारं, जाहिराती न लावणारं रेडिओ केंद्र दरवर्षी श्रोत्यांना वर्षभरातल्या नव्या गाण्यांमधून आपली आवडती दहा निवडायला सांगतं. मग जानेवारीच्या शेवटी, सर्वाधिक मतं मिळालेली शंभर गाणी शंभराव्यापासून पहिल्यापर्यंत एकाच दिवसात वाजवली जातात. दुपारी बाराला सुरू झालेली ही मोजणी संध्याकाळी आठच्या सुमारास संपते. याचं नाव हॉटेस्ट हंड्रेड. मतं वीस-वीस लाखांच्या वर जातात, तेही तीन कोटीसुद्धा लोकसंख्या नसलेल्या देशात.

आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "अगं, म्हणजे बिनाका गीतमालाच की!" तिचं अगदीच चूक नाही. अमीन सयानींच्या आवाजात पायदान चढत जाणारी गाणी, वर्षअखेरीचा तो खास कार्यक्रम आणि 'सरताज' गाणं कोणतं यावर घराघरांत झालेल्या पैजा ज्यांनी अनुभवल्यात, त्यांना इथला जानेवारी लगेच कळेल. पण गीतमालेत गाणी सिनेमातली असायची. इथे गॅरेजमध्ये तालीम करणारी चार पोरं, आईवडिलांच्या घरी एकट्याने गाणं रेकॉर्ड करणारा मुलगा आणि जगभर गाजलेली मोठी स्टार एकाच यादीत असतात, आणि कोण वर कोण खाली हे ऐकणारेच ठरवतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

या केंद्राचा जन्म 1975 च्या जानेवारीत सिडनीत झाला. तेव्हा त्याचं नाव डबल जे होतं, आणि पहिल्याच दिवशी पहिलं गाणं त्यांनी असं लावलं जे व्यापारी रेडिओवर लावायला बंदी होती. 1980 मध्ये ते एफएमवर आलं आणि ट्रिपल जे झालं. 1989 पासून सिडनीबाहेर, एकेक शहर करत देशभर पोचायला लागलं. श्रोत्यांच्या मतांची यादीही 1989 चीच. सुरुवातीला कुठल्याही काळातलं गाणं निवडता यायचं, आणि जॉय डिव्हिजन या ब्रिटिश बँडचं 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' सलग दोन वर्षं पहिलं आलं. 1993 पासून नियम बदलला: फक्त त्या वर्षीची गाणी. आजचा हॉटेस्ट हंड्रेड या नियमामुळे घडला असं मला वाटतं. जुन्या आवडींची उजळणी थांबली आणि यंदा नवं काय आलं, ते आपण ऐकलं का, असं प्रत्येक जण स्वतःला विचारायला लागला.

पहिलं ऑस्ट्रेलियन गाणं अव्वल यायला 1996 उजाडलं. स्पायडरबेट या बँडचं. त्यानंतर मात्र यादीचा इतिहास म्हणजे इथल्या स्वतंत्र संगीताचाच इतिहास होऊन बसला. पावडरफिंगर 1999 आणि 2000 असे लागोपाठ पहिले आले. 2011 चा विजेता गोटिये. त्याचं 'समबडी दॅट आय यूज्ड टू नो' तुम्हीही ऐकलंच असेल. हे गाणं त्याने मेलबर्नच्या दक्षिणेला, मॉर्निंग्टन द्वीपकल्पावरच्या आईवडिलांच्या घरी बनवलं. सुरुवातीची ती गिटारची दोन-तीन सुरांची ओळ ब्राझीलच्या लुईझ बोन्फाच्या जुन्या रेकॉर्डमधून उचललेली आहे. ट्रिपल जेच्या श्रोत्यांनी त्याला जानेवारी 2012 मध्ये पहिलं ठरवलं, नंतर त्याच वर्षी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि 2013 मध्ये त्याला ग्रॅमी मिळाली. 2013 चा विजेता व्हान्स जॉयही मेलबर्नचाच. कायद्याची पदवी घेतलेला, इथला फुटबॉल खेळलेला मुलगा, हातात युकुलेली, आणि गाणं 'रिपटाइड'. ते आजही कुठल्या ना कुठल्या कॅफेत सुरू असतंच.

ही पोरं रेडिओपर्यंत पोचतात कशी? 1995 मध्ये ट्रिपल जेने 'अनअर्थ्ड' नावाचा उपक्रम सुरू केला. मोठ्या शहरांबाहेर जाऊन तिथले बँड शोधायचे, त्यांचं गाणं रेकॉर्ड करायचं, देशभर ऐकवायचं. लिस्मोरसारख्या छोट्या गावातला ग्रिनस्पून हा बँड त्यातून वर आला. पुढे 2001 मध्ये शाळकरी वयातली मिसी हिगिन्सही. आता अनअर्थ्डची वेबसाइट आहे. कुणीही आपलं गाणं चढवावं, केंद्रातल्या लोकांनी ऐकावं, आवडलं तर थेट देशभर वाजवावं. मध्ये कंपनी नाही, वशिला नाही. आपल्याकडे सोलापूरच्या किंवा चिपळूणच्या एखाद्या मुलीने घरात रचलेलं, सिनेमाशी संबंध नसलेलं मराठी गाणं आकाशवाणीने उचलून राज्यभर लावलं आणि वर्षाअखेरीस लोकांनी त्यावर मतं दिली तर काय होईल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मोजणीचा दिवस प्रत्यक्षात कसा असतो ते सांगते. इथे भर उन्हाळा. कुणाच्या तरी परसात दहा-बारा जण जमतात, बार्बेक्यूवर सॉसेज आणि हलूमी चीज, सावलीत बर्फाने भरलेली शीतपेटी. आमच्या मित्रमंडळींमध्ये मी बटाटेवडे नेते, आणि साठाव्या गाण्याच्या आत ते संपतात. फ्रिजवर चुंबकाने एक मोठा कागद लावलेला असतो. प्रत्येकाने आपला अंदाज लिहायचा: पहिल्या पाचात कोण, कुठल्या बँडची किती गाणी येणार. गाणं लागलं की पहिल्या दोन ठेक्यांतच ओळखायची चढाओढ. ज्याने त्या गाण्याला मत दिलेलं असतं तो हात वर करून ओरडतो, बाकीचे त्याला टाळ्या देतात. शंभर ते नव्वद या क्रमांकांची गाणी मला सगळ्यात आवडतात. कारण तिथे पहिल्यांदाच यादीत आलेली नावं असतात. अशा वेळी केंद्रातले निवेदक त्या कलाकाराला फोन लावतात आणि समोरचा माणूस बोलता बोलता गहिवरतो. पहिल्या क्रमांकाच्या आनंदापेक्षा तो आनंद मला जास्त खरा वाटतो.

पहिला क्रमांकही कधी कधी थक्क करतो. दर शुक्रवारी ट्रिपल जेवर 'लाइक अ व्हर्जन' असतं: कलाकाराने स्टुडिओत येऊन दुसऱ्या कुणाचं तरी गाणं आपल्या पद्धतीने गायचं. 2021 मध्ये तिथे द विगल्स आले. म्हणजे 1991 पासून लहान मुलांसाठी गाणारी रंगीत शर्टवाली मंडळी. त्यांनी टेम इम्पाला या इथल्या रॉक बँडचं 'एलिफंट' गायलं, मध्ये आपलं 'फ्रूट सॅलड' मिसळलं, आणि देशाने त्यांना वर्षातलं पहिलं गाणं करून टाकलं. मत देणाऱ्या तरुणांचं बालपण विगल्ससोबत गेलेलं. बालगीतं म्हणणाऱ्यांना मोठ्या झालेल्या मुलांनी असा मान द्यावा, हे मला फार भावलं.

वादही होतात. 2014 च्या यादीसाठी टेलर स्विफ्टच्या गाण्याला मतं द्या, अशी मोहीम इंटरनेटवर चालली. केंद्राने ते गाणं बादच केलं. तेव्हा पुष्कळांना तो ताठा वाटला. माझं मत असं की बाहेरून ठरवून केलेल्या गठ्ठा मतदानाला नाही म्हणणं बरोबरच होतं. पण पॉप गाणाऱ्या बायका म्हणजे 'आपल्यातल्या' नव्हेत, हा त्यामागचा सूर बरोबर नव्हता. एकट्या गायिकेचं गाणं वार्षिक यादीत पहिलं यायला 2019 ची यादी यावी लागली, बिली आयलिशच्या रूपाने. नंतर 2023 ला डोजा कॅट, 2024 ला चॅपल रोन. उशीर झाला, पण दार उघडलं.

त्याहून मोठा वाद तारखेचा. वर्षानुवर्षं ही मोजणी 26 जानेवारीला, ऑस्ट्रेलिया डेला व्हायची. आपल्याला 26 जानेवारी म्हटलं की ध्वजवंदन आठवतं. इथे मात्र ती 1788 मध्ये ब्रिटिशांचा पहिला काफिला सिडनीच्या किनाऱ्यावर उतरून त्यांनी झेंडा रोवल्याची तारीख, आणि इथल्या मूळ रहिवाशांसाठी आक्रमणाचा, शोकाचा दिवस. 2016 च्या यादीत ए. बी. ओरिजिनल या जोडीचं नेमकं याच तारखेवरचं, 'जानेवारी 26' नावाचं रॅप गाणं लोकांनी मतं देऊन पुष्कळ वर आणलं. मग केंद्राने श्रोत्यांना विचारलं, बहुसंख्यांनी बदलाला होकार दिला, आणि 2018 पासून मोजणी जानेवारीच्या चौथ्या शनिवार-रविवारी गेली. सरकारातल्या मंत्र्यांनी टीका केली, तरी केंद्र मागे हटलं नाही. मी 26 जानेवारीला सकाळी मंडळात तिरंग्याला वंदन करते आणि दुपारी मूळ रहिवाशांच्या मोर्च्यातल्या लोकांचं ऐकते. दोन्ही मला आवश्यक वाटतं.

मूळ रहिवाशांच्या भाषाही आता या यादीत ऐकू येतात. बेकर बॉय हा उत्तरेकडच्या अर्नहेम लँडचा योलंगू तरुण आपल्या भाषेत आणि इंग्रजीत रॅप करतो; 2017 च्या यादीत त्याचं 'मर्युना' आलं आणि 2019 मध्ये तो यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर झाला. किंग स्टिंगरे हा बँडही तिकडचाच, यिरकाला गावचा. 2022 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. गायक यिर्ङ्गा युनुपिंगू हा गाजलेल्या योथू यिंदी बँडच्या मुख्य गायकाचा पुतण्या, तर गिटारवाला रॉय केलावे त्याच बँडच्या संस्थापकांपैकी एकाचा मुलगा. समुद्रावरचा मोकळा गिटार रॉक, खाली यिडाकीचा, म्हणजे जगाला डिजरिडू म्हणून ठाऊक असलेल्या वाद्याचा घुमारा, आणि पिढ्यान्‌पिढ्या गायल्या गेलेल्या ओळी. तो अल्बम मी घरी इतक्यांदा लावलाय की माझ्या मुलाला अर्थ न कळता त्यातले शब्द पाठ झालेत.

आणि ही सगळी गाणी आधी कुठल्या तरी पबच्या मागच्या खोलीत वाजलेली असतात. मेलबर्नच्या कॉलिंगवुड भागातला द टोट हा असाच पब: अंधारा, चिकट फरशीचा, छताला हात टेकेल असा. जानेवारी 2010 मध्ये परवान्याच्या जाचक अटींमुळे तो बंद पडला, तर फेब्रुवारीत हजारो लोक संसदेवर मोर्चा घेऊन गेले. नियम बदलले, टोट पुन्हा उघडला. 2023 मध्ये इमारत विकायला निघाली, तेव्हा दुसऱ्या एका छोट्या पबच्या मालकांनी रसिकांना हाक दिली आणि लोकांनी तीस लाख डॉलर उभे केले. गाणं ऐकण्याची जागा टिकावी म्हणून! शहरात ट्रिपल आर आणि पीबीएस ही रेडिओ केंद्रं सत्तरच्या दशकापासून सभासदांच्या वर्गणीवर चालतात. रांगेत नवे बँड उभे राहतात ते या सगळ्यामुळे.

म्हणूनच एक गोष्ट सलते. 2017-18 च्या याद्यांमध्ये साधारण दोन-तृतीयांश गाणी ऑस्ट्रेलियन होती. 2024 च्या यादीत ती एक-तृतीयांशाच्याही खाली आली. तरुण आता गाणी अॅपवर ऐकतात, आणि अॅप जगभर जे चालतं तेच पुढे सरकवतं. ट्रिपल जेने पन्नाशीनिमित्त जुलै 2025 मध्ये फक्त ऑस्ट्रेलियन गाण्यांची सार्वकालिक यादी काढली. 26 लाखांवर मतं पडली, इनएक्सेसचं 'नेव्हर टेअर अस अपार्ट' पहिलं आलं, हिलटॉप हुड्सचं 'द नोजब्लीड सेक्शन' दुसरं. प्रेम आहे, हे त्यातून दिसलं. पण त्यातली बरीच गाणी कित्येक वर्षांपूर्वीची. यंदाच्या नव्या पोरांचं काय, हे दर डिसेंबरला दहा मतं देतानाच ठरणार, त्यामुळे माझ्या दहांतली निदान सात मी इथल्या नव्या नावांना देते.

तुम्हाला तिकडून ऐकायचं असेल तर जानेवारीच्या चौथ्या शनिवारी सकाळी साडेसहाला ट्रिपल जेचं ऑनलाइन प्रसारण लावा. सिडनीत तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतात. तुमची दुपारची जेवणं उरकेपर्यंत निकाल लागलेला असेल. तोवर किंग स्टिंगरेचा तो पहिला अल्बम, ॲमिल अँड द स्निफर्सचा 2024 चा 'कार्टून डार्कनेस' आणि बेकर बॉयचं 'मर्युना' ऐकून ठेवा, आणि कुठलं आवडलं ते मला खाली लिहा.