बुद्धाच्या नाकपुडीतून आरपार

जपानच्या सहलीतल्या क्योटोबद्दल फारसं लिहीत नाही. देवळं सुंदरच आहेत, पण फुशिमी इनारीच्या लाल कमानींखालून आम्ही चाललो कमी आणि लोकांच्या फोटोंतून बाजूला सरकलो जास्त. शेवटी धाकट्याने पायरीवर बसकणच मारली, "आई, आता एकही देऊळ नको!"

नाराला मात्र त्याचा नूर पालटला, कारण रस्त्यावर हरणं! त्यांची खास बिस्किटं, शिका सेनबेई, तिथेच विकत मिळतात. बिस्किट दाखवलं की हरीण मान लववून नमस्कार करतं. ही नम्रता दोन-तीन सेकंद टिकते, मग ते सरळ कपडे ओढतं. माझ्या ओढणीचं टोक त्यातच गेलं.

नाराच्याच तोदाईजी देवळातला ब्राँझचा बुद्ध बसलेलाच जवळजवळ 15 मीटर उंच आहे. देऊळ 1180 आणि 1567 च्या लढायांत जळलं. आजची इमारत 1709 ची, मूळच्यापेक्षा बरीच अरुंद, तरी वर बघून मान दुखते. मुलांना या सनावळीत काडीचा रस नव्हता. मग मी बोधिसेनाला बाहेर काढलं. हा भारतीय भिक्षू 736 मध्ये चीनमार्गे जपानला पोचला आणि 752 मध्ये या बुद्धाचे डोळे त्याने रंगवले. कुंचल्याला लांबलचक रेशमी दोर बांधला होता. जमलेल्यांनी तो हातात धरला, म्हणजे पुण्य सगळ्यांना. तो कुंचला आणि दोर अजून शोसोइनच्या भांडारात जपून ठेवलाय.

"म्हणजे पेणला गणपतीचे डोळे आखतात तसं?" थोरलीने विचारलं. मला हे सुचलं नव्हतं.

मूर्तीच्या मागे एका खांबाला बुंध्याशी भोक आहे, म्हणे बुद्धाच्या नाकपुडीएवढं. त्यातून आरपार गेलं की ज्ञानप्राप्ती होते, अशी समजूत. पोरांची ही रांग! धाकटा एक हात पुढे काढून घुसला आणि खांद्याशी अडकला. माझ्या पोटात गोळा. पलीकडे नातवाची वाट बघत एक जपानी आजी उभ्या होत्या. त्या चक्क फरशीवर गुडघे टेकून बसल्या, दोन्ही हात डोक्यावर जोडून त्याला दाखवलं, अंग तिरकं कर म्हणून खूण केली आणि मनगटं धरून त्याला अलगद बाहेर ओढलं. रांगेने टाळ्या वाजवल्या. मी वाकून वाकून आभार मानले, त्या माझ्याहून जास्त वाकल्या. हे किती वेळ चालणार होतं कोण जाणे, नातवाने त्यांना ओढून नेलं.

ज्ञानप्राप्तीनंतर भूक. आम्ही शाकाहारी, आणि साध्या नूडल्सच्या रश्शातही माशाचा अर्क. शेवटी दुकानातून उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, आणून बाकावर खाल्ले.

"आई, तो बोधिसेन परत गेला का गं?"

"नाही रे. 760 मध्ये तिथेच वारला."

"चोवीस वर्षं? मग तो जेवायचा काय?"