भोंगा, चादर आणि हजेरीची वही

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, वार्षिक मेळावा नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आणि रविवारी भरतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारत मंडळीची स्थापना झाली, तो दिवस जवळ असावा म्हणून जुन्या वडीलवर्गाने हे दिवस धरले, असे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. सोलापूरचे ऊन तोवर निवलेले असते आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याची गर्दी अजून लांब असते, हेही एक कारण असणार. गेली एकोणीस वर्षे या मेळाव्याच्या हजेरीची वही माझ्याकडे आहे. त्यामुळे कोण आले आणि कोण आले नाही याचा हिशेब या लेखात मधूनमधून डोकावला, तर वाचकांनी तो माझ्या कामाचा दोष समजावा.

स्वागतगीत, अहवाल, जमाखर्चाचे वाचन, पाहुण्यांच्या खांद्यावर सोलापुरी चादर, हे सारे ठरल्याप्रमाणे होते आणि त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. मी वर्षभर वाट पाहतो ती शनिवारच्या संध्याकाळची. कीर्तन सुरू होण्यापूर्वीच्या पंधरा मिनिटांत मंडळीतील एखादा साधा सभासद उठतो आणि ‘मंडळी म्हणजे काय’ या एकाच विषयावर बोलतो. या वेळात पाळकसाहेबांनी बोलायचे नाही आणि पाहुण्यांनीही बोलायचे नाही, असा दंडक आहे. विषय दरवर्षी तोच असूनही भाषण दोनदा सारखे झाल्याचे मला आठवत नाही.

एका वर्षी भाषा शिकवणाऱ्या एका बाईंनी शब्दापासूनच सुरुवात केली होती. बायबलच्या नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’. त्याचा अर्थ बोलावून जमवलेली सभा. ग्रीक नगरांमध्ये नागरिकांच्या सभेलाही हाच शब्द होता, आणि चार शुभवर्तमानांपैकी तो केवळ मत्तयाच्या शुभवर्तमानात, तोही दोनच वचनांत येतो. इंग्रजीतला ‘चर्च’ हा शब्द मात्र ‘प्रभूचे’ अशा अर्थाच्या दुसऱ्याच ग्रीक शब्दावरून आला. आपल्या भाषेने घेतला तो ‘मंडळी’, म्हणजे जो शब्द आपण पंगतीला बसलेल्यांना लावतो, नाटकवाल्यांना लावतो आणि जुने लोक तर आपल्या बायकोलाही लावत. “या शब्दात वीट नाही की चुना नाही,” बाई म्हणाल्या, “माणसे उठून गेली की मागे उरते ती इमारत.” नेमकी त्याच वर्षी छताच्या दुरुस्तीसाठी वर्गणी मागायची होती. खजिनदारांचा पडलेला चेहरा मला अजून दिसतो.

तरीही आठवणीने आजही गळा दाटून येतो तो एका निवृत्त गिरणी कामगार काकांच्या भाषणाच्या. ते उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात कागद नव्हता, एक जुना लाकडी धोटा होता, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारे साधन. टोकांचे लोखंड झिजून गुळगुळीत झालेले आणि धागा जाण्याच्या छिद्राभोवतीचे लाकूड काळे पडलेले. मागावर नवी कांडी भरली की त्या छिद्राला तोंड लावून धागा श्वासाने ओढून घ्यावा लागे, हे त्यांनी धोटा ओठांशी नेऊन दाखवले. “हातानं होत नाही ते काम,” ते म्हणाले. “पेन्टेकॉस्टच्या दिवशी शिष्य नुसते बसलेच होते. पवित्र आत्मा आला, मग धागा पुढं सरकला.” पहिल्या ओळीतली मुले हसली, आणि मागे बायकांच्या बाजूला एकदम शांतता पसरली.

मग त्यांनी भोंग्याची गोष्ट सांगितली. गिरणीचा भोंगा कोणाची जात विचारून वाजत नसे. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू बोलणारी घरे एकाच आवाजाला जागी होत. “बोलावणं आपलं नव्हतं, आपण फक्त उठलो,” एवढेच ते म्हणाले. बाईंनी सांगितलेला एक्लेसियाचा अर्थ मला त्या दिवशी खरा कळला. शेवटी त्यांनी पाहुण्यांच्या खांद्यावरील चादरीकडे बोट दाखवले. “तीस वर्षं मी चादरी विणल्या. सगळ्या दुसऱ्यांच्या अंगावर गेल्या. विणणाऱ्यांनीच पांघरून बसायचं ठरवलं असतं, तर गिरणी कशाला पाहिजे होती?” पाहुण्यांनी खांद्यावरची चादर उगाचच सारखी केली, आणि काका धोटा पिशवीत घालून खाली बसले.

एक, पवित्र, सार्वत्रिक आणि प्रेषितीय मंडळी ही कॉन्स्टँटिनोपलच्या ३८१ च्या परिषदेशी जोडलेल्या मतांगिकारातील, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीतील, चार लक्षणे आम्ही उभे राहून म्हणतो. जेथे शुभवर्तमान शुद्धपणे सांगितले जाते आणि संस्कार यथायोग्य दिले जातात तेथे मंडळी असते, असे प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांनी १५३० साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे मांडले. ही वचने मला मान्यच आहेत. परंतु त्यांवरून मंडळी ओळखावी कशी ते कळते. ती असते कोणासाठी, हे मी त्या धोट्यावरून शिकलो.

आता हजेरीविषयी. एकत्र जमणे सोडू नका, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात स्पष्ट बजावले आहे. तरी शनिवारच्या त्या पंधरा मिनिटांना जेवढी माणसे असतात, त्याच्या तिप्पट रविवारच्या प्रीतिभोजनाला असतात, आणि ती पहिल्या पंगतीला असतात. करिंथ येथील मंडळीतही कोणी आधीच जेवून घेई आणि कोणी उपाशी राही, म्हणून प्रेषित पौलाला रागावून लिहावे लागले, एवढाच काय तो माझा दिलासा. एकदा मी न येणाऱ्यांची यादीच घेऊन पाळकसाहेबांकडे गेलो होतो. त्यांनी ती वाचली, मला चहा दिला आणि संत ऑगस्टीनविषयी सांगितले. मंडळी निर्मळ लोकांचीच असली पाहिजे असा आग्रह धरणाऱ्या दोनातवाद्यांना त्याने गव्हाचा आणि निदणाचा, म्हणजे त्यात उगवणाऱ्या तणाचा, दाखला दिला होता. कापणीपर्यंत दोन्ही एकाच शेतात राहणार, आणि बाहेर दिसणारे कित्येक आत व आत दिसणारे कित्येक बाहेर असतात, असे त्याचे म्हणणे होते. “तुमची वही जपा,” साहेब म्हणाले, “पण ती कोकऱ्याच्या जीवनाच्या पुस्तकाची, तारण पावलेल्यांच्या त्या स्वर्गीय यादीची, नक्कल आहे असे समजू नका.” मला ते लागले. यादी मी फाडली. वही मात्र चालू ठेवली.

याच वहीने पुढे एक वाद उभा केला. कोपऱ्यावरचे चहावाले मामा मेळाव्याच्या दोन्ही दिवशी चहा पुरवतात, पैसे निम्मेच घेतात आणि कीर्तन संपेपर्यंत दाराशी उभे राहतात. त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला नाही. त्यांचे नाव सभासदांत घालावे की पाहुण्यांत, यावर कमिटीची रात्री अकरापर्यंत बैठक झाली. तेव्हा आमच्यातील सर्वांत वृद्ध वडिलांनी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची आठवण काढली. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी होता. बाप्तिस्म्याचे महत्त्व मी कमी मानत नाही, आणि त्या रात्री मी तसे बोललोही. वाद सुटला नाही. मी वहीत मधे एक रेघ मारली आणि मामांचे नाव बरोबर तिच्यावर लिहिले.

आभार मानताना माझी छाती नेहमी धडधडते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय लोक नुसत्या नावांचा म्हणून भराभर वाचून टाकतात. मला तो सर्वांत जवळचा वाटतो. फिबी, प्रिस्का आणि अक्विला, त्यांच्या घरात जमणारी मंडळी, रूफाची आई, असे सुमारे दोन डझन लोक पौलाने एकेक करून आठवले, आणि पत्र लिहून घेणाऱ्या तर्तियसानेही मधेच आपला सलाम घालून घेतला. तेव्हा मीही लिहितो: पेटीवर बसणाऱ्या आणि सर्दी असतानाही एकही गीत न चुकवणाऱ्या ताई, तेलुगू गीत बसवून घेणारी अक्का, मंडप घालणारे दोघे भाऊ, ज्यांचे मागील वर्षाचे बिल अजून थोडे बाकी आहे, शेंगाचटणी कुटून आणणाऱ्या महिला मंडळाच्या सर्व भगिनी, आणि त्यांतही उखळ पाठवणाऱ्या मावशी, आदल्या रात्री जागून कडक भाकऱ्या मोजणारा तरुण संघ, शब्बाथशाळेच्या मुलांना रांगेत बसवणाऱ्या दोघी शिक्षिका, माईक दुरुस्त करणारा आणि मग स्वतःच बिघडवणारा आमचा भाचा, आणि मेळाव्याच्या आदल्या रात्री नळाला पाणी येईल तेव्हा येईल म्हणून टाकीजवळ बाज टाकून बसणारे रखवालदार अण्णा, ज्यांचे नाव दरवर्षी राहून जाते, कारण आभार चालू असताना ते भांडी घासणाऱ्यांसाठी पाणी सोडायला गेलेले असतात.