शिरोळला धान्य नेताय? गहू नको, पीठ न्या

२०१९ च्या महापुरानंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात मदत न्यायला शनिवारी, १७ ऑगस्टला पहाटे चारला पुणं सोडलं. एक ४०७ टेम्पो, धान्याची दीडशे किट आणि आम्ही चौघं. पेठ नाक्यावरून इस्लामपूर, आष्टा, सांगली, जयसिंगपूर असं करत शिरोळ तालुक्यात शिरलो. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. आदल्या आठवड्यात पाणी ५७ च्या वर होतं. आम्ही गेलो तेव्हा कृष्णा पात्रात परतली होती आणि गावोगावी नुसता चिखल उरला होता.

जयसिंगपूरच्या पुढं लोक मदतीच्या गाड्या अडवायला लागतात. घाबरू नका, रागावू तर अजिबात नका. पण तिथंच वाटलंत तर संपलं. डांबरी रस्त्यावरच्या वस्त्यांत बिस्किटांचे खोके पडून होते आणि खिद्रापूरकडच्या आतल्या वस्त्यांवर दोन दिवसांत कुणी फिरकलं नव्हतं. आम्ही आदल्या रात्री तलाठ्यांना फोन केला होता, म्हणून नेमकी वस्ती कळली. टेम्पो आत जाईना. माल छोट्या हत्तीत भरून तीन खेपा केल्या. तुम्ही निघतानाच छोटी गाडी ठरवा.

आता आमची चूक. किटमध्ये पाच किलो गहू होता. एक आजी पिशवीत हात घालून म्हणाल्या, "पावणं, गहू दिलासा खरं, दळायचं कुठं?" गावातली गिरण पाण्यात बुडालेली, वीज नाही. सरकारनं जाहीर केलेलं मोफत धान्यही दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळच. म्हणजे सगळ्यांकडं गहू येणार आणि भाकरी कुणाच्याच ताटात नाही! शेवटी एका गाडीतून गहू जयसिंगपूरला नेऊन दळून आणला, त्यात दुपार गेली. तुम्ही पीठच न्या, शक्यतो ज्वारीचं, जाड प्लास्टिकच्या पिशवीत. सोबत तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, साखर, चहा, काडेपेट्या. कांदा-लसणाची चटणी नक्की टाका. तिच्यावर लोक जेवढे खूश झाले तेवढे दुसऱ्या कशावर नाही. चुली भिजलेल्या, सरपण ओलं, गॅस असेलच असं नाही. म्हणून थोडे पोहे-चिवडाही असू द्या. जुने कपडे कृपा करून नकोत. शाळेच्या ओट्यावर ढीग पडला होता, वर साड्या, खाली पार्टीचे कोट.

वाटपाला अंगणवाडीसेविका आणि आशाताई यांना सोबत घ्या. आम्ही घरटी चिठ्ठी दिली, मग गर्दी झाली नाही. रेशनकार्डाची अट मात्र घालू नका. भाड्यानं राहणारे, वीटभट्टीवर आलेले, ज्यांचं कार्डच वाहून गेलंय असे बरेच जण मागं उभे होते, आणि ते स्वतःहून पुढं येत नाहीत.

आणखी एक. हा दूधधंद्याचा मुलूख. एका घरानं किट घेतलं आणि लगेच विचारलं, "म्हशीला काय आणलंय का?" आम्ही काहीच आणलं नव्हतं. शेतातला ऊस आणि वैरण चिखलात कुजत होती. तुम्ही जाताना दुसरी गाडी पेंड आणि वाळल्या वैरणीची भरली तर बरं. आम्ही परततानाच त्या घराला आठ पोती कबूल करून आलो.