काजू कारखान्याआधी खळं आणि गोदाम

सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचा विषय निघाला की आधी एमआयडीसीचा भूखंड आणि मग घाटरस्ता मागितला जातो. दोन्ही हवेतच. पण दोडामार्ग, सावंतवाडी, वैभववाडीच्या डोंगरवाड्यांतला छोटा कारखाना अडतो तो बी संपल्यामुळे. काजू बी मार्च ते मे अशी जेमतेम ऐंशी दिवस येते. कामगारांना काम आणि बँकेला हप्ता बारा महिने लागतो. म्हणून नियोजनाची सुरुवात साठवणीपासून करायला हवी.

रोज ५०० किलो बी फोडणारं युनिट धरू. वर्षाचे २७० दिवस चालवायचं तर १३५ टन सुकी बी लागते. हंगामात ४० टन फोडून होते, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर ९५ टन हाताशी हवी. ८० किलोच्या पोत्यांत ती साधारण १,१९० पोती होतात. आठ पोत्यांची थप्पी आणि मधल्या वाटा धरल्या तर १,५०० चौरस फुटांचं गोदाम लागतं.

त्याआधी खळं. ताज्या बीत १८ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो आणि साठवायला तो ८ वर आणावा लागतो. टनामागे जवळपास ११० किलो तूट येते, ती खरेदीचा दर ठरवतानाच धरावी. नाहीतर शेतकरी आणि कारखानदार यांच्यात वजनावरून वाद ठरलेलाच. ऐन हंगामात दिवसाला साडेतीन टन आवक आणि तीन दिवसांचं ऊन धरलं, तर दोन इंची थरासाठी चार हजार चौरस फूट सिमेंटचं खळं हवं, थोड्या उतारावर आणि दिवसभर ऊन मिळेल असं. मेमध्ये अवकाळी सर येते. ताडपत्री खळ्याच्या कडेलाच ठेवा, कारण एकदा भिजलेली बी पुन्हा सुकवली तरी आतला गर डागाळतो.

गोदामात सगळ्यात मोठी चूक जमिनीची होते. जांभ्याच्या जमिनीतून ओल वर चढते. काँक्रीटखाली जाड प्लास्टिक, वर लाकडी फळ्या, मग पोती, आणि भिंतीपासून दीड फूट अंतर. जांभ्याची उघडी भिंत पाऊस पिते, म्हणून नैर्ऋत्येकडच्या भिंतीला बाहेरून गिलावा हवाच. दार त्या बाजूला नको. ‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला जुलैत उलटा पडतो. बाहेरची हवाच ओली असते आणि सुकी बी ती ओढून घेते. झडपा बंद होणाऱ्या असाव्यात आणि उघडीप असेल तेव्हाच उघडाव्यात.

या साठ्यात पैसा अडकतो. किलोला १२० रुपये धरले तर ९५ टनांचे १ कोटी १४ लाख होतात, बहुधा यंत्रांपेक्षा जास्त. प्रकल्प अहवालात यंत्रांचं कर्ज ठळक असतं आणि खेळतं भांडवल दोन ओळींत उरकलेलं असतं. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत, म्हणजे साठवलेला माल गहाण ठेवून कर्ज देणाऱ्या योजनेत, काजू बी बसते. त्यासाठीही धड गोदाम लागतंच.

वीज. बॉयलरचा पंप, बोर्म्याचे (गर सुकवायच्या भट्टीचे) पंखे, साल काढायच्या यंत्राचा कॉम्प्रेसर मिळून २५ एचपी धरा. डीपीपासून (वीज वितरणाच्या ट्रान्सफॉर्मरपासून) किलोमीटरभर लांब, ३० चौरस मिलिमीटरच्या साध्या ॲल्युमिनियम तारेवर एवढा भार टाकला तर फेजमागे तीसेक व्होल्ट वाटेतच पडतात. वर वाडीचे पंप चालू झाले की कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, किंवा मोटर जळते. ११ केव्हीची लाइन पुढे आणून ६३ केव्हीएचा डीपी युनिटपासून दोनशे मीटरच्या आत बसवावा. झाडीतून जाणाऱ्या पट्ट्यात उघड्या तारांऐवजी आवरणाची केबल टाकली तर जूनमधले बिघाड बरेच कमी होतात.

जागा पक्की करण्याआधी सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना वाचा. खाजगी वनाची नोंद असेल तर बांधकाम आणि वीजजोडणी दोन्ही रखडतात. सामाईक जमीन असेल तर मुंबईतल्या सहहिस्सेदारांच्याही सह्या आधी घ्या. रस्त्याच्या बाबतीत घाटाइतकंच लक्ष व्हाळावरच्या (ओढ्यावरच्या) साकवाकडे, म्हणजे छोट्या पुलाकडे द्यावं. पिकअप जाणारा साकव असला की दीड टन, म्हणजे अठरा-एकोणीस पोती, एका खेपेत उतरतात. नसला तर डोक्यावरून. रस्त्याखालच्या मोऱ्यांना ९०० मिलिमीटरचे पाइप घाला, ३०० चे पहिल्याच पावसात पाल्याने तुंबतात.

बोंडूंचा, म्हणजे काजूच्या रसाळ फळांचा, प्रकल्प या पहिल्या टप्प्यात घेऊ नये. बोंडू दिवसभरात आंबतो आणि त्याची यंत्रणा सर्वस्वी वेगळी आहे. टरफलांची सोय मात्र पहिल्या दिवसापासून हवी. ५०० किलो बीमागे साडेतीनशे किलो टरफल निघतं, महिन्याला सरासरी जवळजवळ आठ टन. त्यातलं तेल कातडी भाजणारं असतं, उघड्यावरच्या ढिगातून ते पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरतं. छपराखाली, कडा उचललेल्या सिमेंटच्या फरशीवर, विहिरीच्या खालच्या अंगाला ट्रकभर टरफलाची जागा ठेवा. तेल काढणारे कारखाने ट्रक भरत असेल तरच येतात.